धोट्याने काय काय खाल्लं

गेल्या वर्षी जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांत आमच्या कुत्र्याने घरातल्या ४३ वस्तू खाल्ल्या. हा आकडा अंदाजे नाही, माझ्याकडे त्याची एक्सेल शीट आहे. तारीख, वेळ, वस्तू, मालक, अंदाजे किंमत आणि शेरा, असे सहा रकाने. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. ऑफिसात एखादी सिस्टिम पडली की आम्ही आधी आरडाओरडा करतो आणि मग शांतपणे त्याची नोंद करतो, म्हणजे पुढच्या वेळी आरडाओरडा करताना हाताशी पुरावा असतो. घरातही मी तेच केलं.

पहिली नोंद माझ्या चपलेची आहे. डाव्या पायाची कोल्हापुरी. कमावलेल्या चामड्याची वस्तू कुत्र्याच्या पिल्लासमोर काढून ठेवणं म्हणजे आपल्यासमोर कोणीतरी तांबड्या रश्श्याचं पातेलं उघडं ठेवून निघून जाण्यासारखं आहे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. त्यानंतर लॅपटॉपचा चार्जर (नशिबाने प्लग काढलेला होता), टीव्हीचा रिमोट, लाकडी उलथनं, गॅसचं पुस्तक, ज्वारीच्या पिठाची पिशवी, आईच्या वाकळेचा एक कोपरा, सोफ्याचे दोन कोपरे. ऑफिसचं आयकार्ड गेलं तेव्हा नवीन कार्डासाठीच्या अर्जात कारण लिहावं लागलं. ‘कुत्र्याने खाल्लं’ असं मी खरं तेच लिहिलं. गृहपाठाच्या बाबतीत शाळेत ही थाप कधी मारली नव्हती, त्याचा हिशेब असा पूर्ण झाला.

बाविसाव्या क्रमांकावर माझा हेडफोन आहे. बाहेरचा आवाज बंद करणारा, पहिल्या बोनसमधून घेतलेला. त्याच्या दोन्ही गाद्या धोट्याने अशा सफाईने सोलल्या होत्या की जणू संत्र्याची साल काढली. मी दुसऱ्याच दिवशी नवीन गाद्या मागवल्या. त्या हेडफोनशिवाय मला घरात काम करता येत नसे. का येत नसे, ते पुढे येईलच.

*

धोटा हे त्याचं नाव अण्णांनी ठेवलं. अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे इचलकरंजीचे. अण्णा तिथे यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. साध्या मागात आडवा धागा वाहून नेणारा, दोन्ही टोकांना निमुळता, होडीसारखा लाकडी ठोकळा असतो. तो धोटा. आत सुताची कांडी घेऊन तो मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मिनिटाला शंभराहून जास्त वेळा फेकला जातो, आणि प्रत्येक वेळी ठाण्ण आवाज होतो. एका शेडमध्ये असे दोन-तीन डझन माग. आमच्या गल्लीत रात्री माग बंद पडले तर त्या शांततेने लोकांना जाग यायची.

लॉकडाऊनमध्ये शेड बंद झाली ती झालीच. मालकाने माग भंगारात काढले. २०२२ साली मी आईअण्णांना पुण्याला आणलं. धायरीत, दोन खोल्या आणि हॉल, पाचवा मजला. आणलं असं म्हणताना मला तेव्हा काहीच खटकलं नव्हतं.

पुढची दोन वर्षं अण्णांनी माझ्याकडे काहीही मागितलं नाही. मग एका जुलैच्या संध्याकाळी ते भिजून वर आले, आणि मिटलेल्या छत्रीत काहीतरी हलत होतं. पार्किंगमधल्या कुत्रीला झालेल्या पिल्लांपैकी शेवटचं. बाकीच्यांना घरं मिळाली होती, हे तांबूस, काळ्या तोंडाचं, एक कान उभा आणि एक पडलेला असं उरलं होतं. आईने दारातच सांगितलं, “आत आणायचं न्हाई.” पिल्लू खाली ठेवल्याबरोबर हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत सुटलं. भिंतीवर आपटलं, फिरलं, परत पळालं. अण्णा दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हसले. म्हणाले, “ह्यो तर धोटा हाय की!”

दोन वर्षांत काही न मागितलेल्या माणसाने पहिल्यांदा काहीतरी आणलं होतं. त्याला नाही कसं म्हणायचं? आईसुद्धा गप्प बसली. पंधरा दिवसांनी धोट्याने डब्यातली भाकरी पळवली तेव्हा ती म्हणाली, “नामदेवमहाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं पळालं हुतं. मी लाटणं घेऊन पळतीया, एवढाच काय तो फरक.”

*

इंजिनियर असल्यामुळे मी धोट्याचा प्रश्न आधी वाचून सोडवायला गेलो. कुत्र्याच्या पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, दुखतात, आणि काहीतरी चावल्याने बरं वाटतं. लहान मुलं दात येताना हातात येईल ते तोंडात घालतात, तसंच. हे कळल्यावर मी ओला कपडा पिळून, गाठ मारून फ्रीझरमध्ये गोठवून द्यायला लागलो. धोट्याने तो आनंदाने चावला. मग त्याच आनंदाने बाथरूमच्या दाराची चौकट चावली.

दुसरं वाचलं ते जास्त गैरसोयीचं होतं. मी मीटिंग संपवून बाहेर यायचो, फाटलेली उशी बघायचो आणि ओरडायचो. धोटा कान पाडून, डोळे चोरून, शेपूट पायात घालून बसायचा. मी आईला म्हणायचो, “बघ, त्याला माहितीये आपण काय केलंय ते.” २००९ साली अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधक बाईंनी या चेहऱ्यावरच प्रयोग केला होता. मालकाने ‘खायचं नाही’ सांगितलेला खाऊ कुत्र्यासमोर ठेवून मालकाला खोलीबाहेर पाठवायचं, आणि परत आल्यावर कुत्र्याने तो खाल्ला की नाही ते कधी खरं, कधी खोटं सांगायचं. निष्कर्ष असा निघाला की कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्याने गुन्हा केला होता की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसायचा. गुन्हा न केलेली कुत्रीसुद्धा रागावल्यावर तसाच चेहरा करत होती.

म्हणजे मी ज्याला पश्चात्ताप समजत होतो, ते माझ्या चेहऱ्याचं प्रतिबिंब होतं. अर्ध्या तासापूर्वी फाडलेल्या उशीचा आणि माझ्या ओरडण्याचा धोट्याच्या डोक्यात काहीही संबंध नव्हता. त्याच्या दृष्टीने मी असा माणूस होतो, जो दोन तास दार लावून बसतो आणि मग बाहेर येऊन ओरडतो.

हे वाचलं, पटलं, आणि मी शीटमध्ये नोंदी करत राहिलो.

*

४३वी नोंद नोव्हेंबरमधली आहे. वस्तू : कानाचं मशीन, उजवं. मालक : अण्णा. किंमत : जोडी ५८ हजार.

अण्णांचे कान मागांनी खाल्ले. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा धरतात. मागांच्या शेडमध्ये आवाज सहज त्याच्या वर असतो, आणि अण्णांची पाळी बारा तासांची असायची. अशा आवाजाने आधी जातं ते उंच पट्टीतलं ऐकणं. साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास तपासणीचा आलेख खड्ड्यात पडतो, आणि पुढे तो खड्डा रुंद होत जातो. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. स, श, त, क, फ ही अक्षरं विरघळतात. ‘चहा ठेवू का’ मधला स्वर पोचतो, प्रश्न पोचत नाही. आपण मोठ्याने बोलतो तेव्हा स्वर आणखी मोठा होतो, अक्षरं तिथेच राहतात, आणि समोरच्याला वाटतं आपल्यावर ओरडताहेत.

इचलकरंजीत हे कधी जाणवलं नव्हतं. शेडमध्ये कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. तिथे सगळे ओठ बघून आणि हातवाऱ्यांनी बोलतात, आणि त्यात अण्णा उस्ताद होते. मास्कच्या काळात पहिल्यांदा कळलं की हा माणूस आयुष्यभर कानांनी नाही, डोळ्यांनी ऐकत आला आहे. सगळ्यांचे ओठ झाकले गेले आणि अण्णा गप्प झाले.

पुण्याला आल्यावर मी त्यांना मशीन घेऊन दिलं. एका दुकानात गेलो, तपासणी झाली, जोडी घेतली, पैसे भरले. माणूस म्हणाला, दोन आठवड्यांनी या, आवाज जुळवून देतो, नंतरही दोन-तीनदा यावं लागेल, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. मी हो म्हणालो. त्या दोन आठवड्यांनी आमचं रिलीज होतं. नंतर दुसरं रिलीज होतं. नवा फोन घेतल्यासारखं मी ते काम संपलं असं मनात टाकून दिलं होतं.

त्या दिवशी मी मीटिंग संपवून बाहेर आलो तर हॉलमध्ये स्टीलची वाटी उपडी पडली होती. अण्णा मशीन त्या वाटीत ठेवायचे. डावं मशीन टीव्हीखाली सापडलं. उजव्याचे तुकडे धोट्याच्या पुढ्यात होते. एवढंसं प्लास्टिक, केसासारखी एक तार, आणि बॅटरीचं रिकामं झाकण.

बॅटरी नव्हती.

मी सोफा ओढला, गालिचा झटकला, मोबाइलचा दिवा लावून जमिनीवर आडवा झालो. शर्टाच्या बटणाएवढी गोल बॅटरी. कुठेच नाही. मग मी धोट्यावर ओरडलो. आजवर ओरडलो होतो त्यापेक्षा खूप जास्त, आणि शेवटी म्हणालो, “बास. उद्या ह्याला कुठंतरी सोडून येतो.” दारात अण्णा उभे होते. खालून नुकतेच वर आले होते. त्यांना शब्द ऐकू आले नसतील असं मला वाटलं. पण मी त्यांच्या समोर तोंड करून बोललो होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तुकड्यांकडे बघितलं, धोट्याला उचललं आणि म्हणाले, “रिक्षा बोलव.”

*

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, “ओकारी करवली नाहीत ना?” आम्ही काहीच केलं नव्हतं, आणि तेच बरं झालं होतं. बटणासारखी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर तिथली त्वचा जाळते, आणि ओकारीत ती वर येताना पुन्हा तिथेच अडकू शकते. एक्स-रेमध्ये बरगड्यांच्या मागे पांढरीशुभ्र टिकली दिसली. पोटात पोचली होती. औषध दिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक्स-रे, पुढे सरकली नाही तर दुर्बिणीने काढायची. सरकली तर ती वाटेने बाहेर येईल. “तोवर,” त्या म्हणाल्या, “प्रत्येक वेळची शी तपासायची. बॅटरी दिसेपर्यंत.”

वर्णन मी माझ्याकडे बघून ऐकलं आणि अण्णांना समजावून सांगायला वळलो. त्यांनी मान हलवली. त्यांनी बाईंचे ओठ वाचले होते.

मी विचारलं, कुत्र्याला एवढंच का हवं होतं? खोलीत बिस्किटाचा पुडा होता, तो सोडून मशीन का? त्यांना हे नवीन नव्हतं. कानाचं मशीन कुत्रे हमखास पळवतात म्हणाल्या. एक तर त्याला माणसाच्या कानाचा, मळाचा वास असतो, आणि तो वास त्यांना आवडतो. दुसरं म्हणजे चालू ठेवलेलं मशीन बंद जागेत शिट्टी मारतं. त्याच्या स्पीकरमधला आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतो, वाढतो, पुन्हा शिरतो. माणसाला २० हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. “तुमचं मशीन चालू राहत होतं का?”

घरी येताना रिक्षात मी हे जुळवत होतो. स्टीलच्या वाटीत चालू मशीन, म्हणजे शिट्टी नक्की. अण्णांना ती ऐकू येणार नाही, कारण ती ऐकू येत नाही म्हणून तर मशीन. आईने नंतर सांगितलं, तिला कधीमधी बारीक किर्र ऐकू यायचं, ती फ्रीजचा आवाज समजत होती. आणि मी दार लावून, बाहेरचा आवाज बंद करणारा हेडफोन लावून बसलेला. महिनोन्‌महिने ते मशीन हॉलमध्ये शिट्ट्या मारत होतं आणि त्याच्याकडे उठून गेला तो एकटा धोटा.

*

दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये टिकली आतड्यात उतरली होती. आता नुसती वाट बघायची.

सोसायटीच्या मागे कंपाउंडच्या भिंतीलगत एक मोकळी पट्टी आहे. तिथे मी आणि अण्णा समोरासमोर उकिडवे बसलो होतो, हातात आइस्क्रीमच्या काड्या, नाकाला रुमाल, मध्ये धोट्याचा सकाळचा ऐवज. मी सुट्टी घेतली होती. कारण विचारलं तेव्हा ‘घरगुती’ लिहिलं, या वेळी खरं लिहायचं धाडस झालं नाही. अण्णा मात्र शांत होते. मागाखाली अंधारात पडलेला स्क्रू टॉर्चने शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे काम परकं नव्हतं. ते एका बाजूने सुरुवात करून ओळीने पुढे जात होते. मी मध्येच काडी खुपसत होतो.

“असं न्हाई,” ते म्हणाले. “एका कडंनं घे. न्हाईतर बघितल्यालंच परत बघशील.”

मग ते सांगायला लागले. धोटा कधीकधी मागातून उडायचा. वेगात सुटलेला, टोकाला लोखंड बसवलेला लाकडी ठोकळा, समोर कोण असेल त्याला लागायचा. शेजारच्या मागावरच्या एकाचा डोळा गेला होता. “म्हणून ओठ बघायची सवय. कोण वरडला तर ऐकू कुठलं यायला? त्वांड दिसाय पायजे.” मी हे कधीच ऐकलं नव्हतं. मी विचारत गेलो, ते सांगत गेले. पाऊण तास. बॅटरी मिळाली नाही. वर जाताना जिन्यात माझ्या लक्षात आलं की पाऊण तासात अण्णांनी एकदाही ‘आं?’ केलं नव्हतं. मशीन नसताना.

संध्याकाळी पुन्हा. या वेळी मी विचारलं, “अण्णा, मशीन वाटीत का ठेवायचा? कानात का नाही?”

त्यांनी बराच वेळ काडी फिरवली. “त्यात सगळंच ऐकू येतंय रं. पंखा, नळ, पिशवीचा आवाज. भांडं ठेवलं तर डोक्यात घण घातल्यागत होतंय. माणसाचं बोलणं सोडून समदं ऐकू येतंय.”

“मग मला सांगायचं ना.”

“एवढं पैसं घालून आणलंस तू.”

“पण दुरुस्त करता आलं असतं. त्याने परत बोलावलं होतं आपल्याला.”

“व्हय? मला न्हाई कळलं.”

कळणार कसं? तो माणूस मला सांगत होता आणि मी त्याच्याशी बोलताना अण्णांकडे माझी पाठ होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा ओरडले, “घावली!” पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी आईसुद्धा खाली वाकून बघायला लागली. काडीच्या टोकावर काळपट पडलेली बॅटरी होती. वॉचमनकाकांनी टाळ्या वाजवल्या. धोटा आपलं नक्की काय कौतुक चाललंय ते न कळून गोल गोल पळत होता.

*

त्या रात्री मी शीट उघडली. पाच महिन्यांची माहिती होती, आणि मी तिचा उपयोग फक्त एकूण रक्कम बघायला केला होता. मी वेळेनुसार नोंदी लावून बघितल्या.

४३ पैकी २९ नोंदी सकाळी अकरा ते एकमधल्या होत्या. आणि त्या २९ही माझ्या घरून काम करायच्या दिवशीच्या होत्या, म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार. मी ऑफिसला जायचो त्या दिवशी धोटा जवळपास काहीच खात नव्हता. पहिल्यांदा मला वाटलं सूत्र चुकलं. पुन्हा लावलं. तेच.

हे उलटं व्हायला हवं होतं. घरात माणूस जास्त, तर नासधूस कमी. मी आईला विचारलं, अकरा ते एक घरात काय असतं? ती कांदा चिरत होती. वर न बघता म्हणाली, “मी सैपाकघरात. तुझी मीटिंग. आणि हे खाली जात्यात.”

“खाली कशाला?”

“तूच म्हणला हुतास की, मीटिंग असताना टीव्ही नको म्हणून.”

मला आठवलं. दीड वर्षापूर्वीची गोष्ट. अण्णांचा टीव्ही मोठा लागायचा आणि एका महत्त्वाच्या कॉलमध्ये समोरून कोणीतरी हसत विचारलं होतं, पाठीमागे कीर्तन चालू आहे का. मी बाहेर येऊन एकदाच बोललो होतो. एकदाच, आणि फारसं चिडूनही नाही. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस पावणेअकराला अण्णा चप्पल घालून खाली जायचे आणि एकला वर यायचे. कुत्र्याला त्या वेळी न्यायचे नाहीत, कारण बाकावर बसलेल्या एका काकूंना कुत्र्याची भीती वाटायची. वॉचमनजवळ बसायचे. वॉचमन मोठ्याने बोलतो आणि तोंडाकडे बघून बोलतो. मशीन घरी वाटीत ठेवायचे, कारण तिथे त्याची गरज नव्हती.

आणि वर एक पिल्लू असायचं, ज्याचा माणूस निघून गेला आहे आणि दुसरा माणूस बंद दाराआड आहे. ते दारापाशी यायचं, ओरबाडायचं, आवाज द्यायचं असणार. मला ऐकू येत नव्हतं. मग त्याला जे सापडेल, ज्याला आमचा वास आहे, ते घेऊन ते चावत बसायचं. मालकाचा रकाना बघितला तर ४३ पैकी ३१ वस्तू माझ्या होत्या. आईच्या नऊ. अण्णांच्या तीन.

मी याचा फार अर्थ काढणार नाही. माझ्या वस्तू जास्त बाहेर पडलेल्या असतात हेही खरं आहे. पण ऑफिसात अशी नोंदवही कोणी माझ्यासमोर ठेवली असती, तर मी कुत्र्याचं नाव मूळ कारण म्हणून लिहिलं नसतं, हेही खरं.

अण्णा यातलं काही तक्रार म्हणून कधीच बोलले नाहीत. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, “खाली बरं वाटतंय की.” ते खोटं बोलत नव्हते. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

*

पुढचं थोडक्यात. नवीन मशीन घेतलं. कंपनीच्या विम्यात ते बसत नाही. या वेळी आम्ही दोघं चार वेळा जाऊन आलो. तिथल्या बाई अण्णांकडे तोंड करून बोलायच्या, आणि दर वेळी अण्णा न लाजता सांगायचे : भांड्याचा आवाज अजून टोचतो, पंखा कमी झाला, नातवंडांसारखी चिमण्यांची कटकट ऐकू यायला लागली. दुसऱ्या भेटीत त्यांनी मशीन बंद कसं करायचं तेही दाखवलं. पहिल्या वेळी ते कोणी दाखवलंच नव्हतं, किंवा मलाच दाखवलं होतं. आता मशीन झाकणाच्या डबीत आणि डबी कपाटावर असते. सुरुवातीला रोज एक तास, मग दोन, असं करत आता ते दिवसातला बराच वेळ घालतात. कंटाळा आला की काढतात. काढलं तरी मी समोर जाऊन बोलतो.

मी कामाचं टेबल हॉलमध्ये आणलं. टीव्हीच्या आवाजाचा प्रश्न सुटला, आवाज थेट मशीनमध्ये जातो. आम्ही दोघे हॉलच्या दोन टोकांना बसतो, एकाच्या कानात मीटिंग, दुसऱ्याच्या कानात कीर्तन, मध्ये धोटा. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल दोघंही बहिरे आहेत.

आता कोणी वाचणारा मनात म्हणेल, मग कुत्र्याने वस्तू खाणं बंद केलं का? नाही. कमी झालं. दात सगळे आले, दोन वेळा फिरवणं वाढवलं, चावायला रबराची खेळणी आहेत. तरीही ४४वी नोंद आहे, ४५वी आहे. तो कुत्रा आहे. त्याला आम्ही सुधारलो हे बक्षीस म्हणून द्यायचं नाहीये. कधीकधी तर वाटतं, तो फक्त चवीसाठी खातो आणि बाकी सगळी कारणं मी जोडली आहेत.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मी कॉलवर होतो, हेडफोन लावून, काहीतरी ठासून सांगत होतो. खांद्यावर हात पडला. अण्णा होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि बेडरूमकडे मान वळवली.

मी हेडफोन खाली घेतला. “काय झालं?”

“ऐक,” ते म्हणाले. “काय तरी कुरतडतंय.”

मी ऐकलं. आधी काहीच नाही. मग खरंच, पलंगाखालून, अगदी बारीक, करकर करकर. त्या पट्टीतला आवाज अण्णांनी किती वर्षांनी ऐकला असेल कोण जाणे. ते मान तिरकी करून, डोळे बारीक करून ऐकत उभे होते, आणि त्यांना तो थांबवायची मुळीच घाई नव्हती. मीही उठलो नाही. दोघं ऐकत राहिलो.

माझा बूट होता. उजवा. साडेतीन हजार.